पाच लाकडांचं टेबल एकरंगी करू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गिरगावातली चाळ पुनर्विकासाला गेली आणि आजेसासऱ्यांच्या राजापूरच्या दुकानातलं हिशेबाचं मोठं टेबल आता नव्या फ्लॅटमध्ये जेवणासाठी वापरायचं आहे. वरच्या फळ्या वेगवेगळ्या रंगांच्या आहेत, मधोमध लांब भेग आहे, खिळ्यांभोवती काळे डाग आहेत. एका फळीतून पीठ गळतं, पाय हलतात आणि खालच्या भागावर हिरवा ऑइलपेंट आहे. मिस्त्री म्हणतो, “मशीन मारून सगळं कोरं करतो, वॉलनट स्टेन देतो, वरून पीयू. शोरूमसारखं दिसेल.” (पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, प्लास्टिकसारखा कडक थर.) हो म्हणायचं का?

नाही म्हणा. मिस्त्री लबाड आहे असं नाही. प्लायवूड आणि विनियरच्या कामात तो रोज जे करतो तेच तुम्हाला सुचवतोय. पण तुमच्या फोटोंवरून या टेबलात निदान पाच जातींची लाकडं दिसतात. स्टेन (लाकडात मुरणारा रंग), पाणी, हवा आणि पॉलिश यांच्याशी ती पाच वेगवेगळ्या तऱ्हांनी वागतात. एकच इलाज सगळ्यांवर केला तर दोघांना मानवेल आणि तिघांचं बिघडेल.

कामाला हात लावण्याआधी टेबल उलटं करा आणि टॉर्च मारून खालची बाजू बघा. जुन्या फर्निचरची खरी माहिती खालीच असते, कारण तिथे कोणी पॉलिश केलेलं नसतं. करवतीच्या खुणा सरळ पण कमीजास्त अंतरावर असतील तर फळ्या हाताने कापलेल्या आहेत. गोल कमानीसारख्या असतील तर गिरणीतल्या चक्रीवर. खिळे चौकोनी, ठोकून घडवलेले आहेत की गोल तारेचे, तेही बघा. गोल खिळे दिसले म्हणजे टेबल नवं असं नाही, मागाहून दुरुस्ती झालेली असू शकते. खालची बाजू शेवटपर्यंत आहे तशीच ठेवायची. फक्त झटकून पुसा.

आता लाकडं. कुठल्यातरी कोपऱ्यात, खालून, ब्लेडने नखाएवढी जागा खरवडा. फळी वरून तपकिरी आणि आतून हळदीसारखी पिवळी निघाली तर तो फणस. तुमच्या वरच्या चारपैकी तीन फळ्या मला फणसाच्या वाटतात. चौथी, फिकट राखाडी आणि मध्ये काळपट रेघा असलेली, आंब्याची असणार; पीठही तिच्यातूनच गळत असेल. पाय सागाचे: खरवडल्यावर जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि बोटाला किंचित तेलकट लागतं. खालच्या आडव्या पायपट्ट्या जड, गडद, उभ्या रेघांच्या आहेत, तो ऐन. ड्रॉवरचा दर्शनी भाग जांभळट तपकिरी आहे आणि त्यात काळे पट्टे आहेत, म्हणजे शिसव. कोकणातला सुतार परसातला फणस, वादळात पडलेला आंबा, घराच्या बांधकामातून उरलेला ऐन असं जे हाताशी असेल ते वापरायचा. पण तो जागाही बघून वापरायचा. वजन पेलायला साग, पाय लागून झिजणाऱ्या पट्टीला ऐन, गिऱ्हाइकाच्या डोळ्यासमोर शिसव. ही निवड पुसून टाकायला पैसे देण्यात मला अर्थ दिसत नाही.

मशीनला माझा विरोध आहे तो मुख्यतः फणसामुळे. त्याचा वरचा मधासारखा तपकिरी रंग उजेड आणि हवेने वर्षानुवर्षांत चढलेला असतो आणि तो फार खोल नसतो. सँडर फिरवला की तीन फळ्या भडक पिवळ्या आणि शेजारची आंब्याची पांढुरकी, असं ठिगळ समोर येतं. मग ते झाकायला गडद स्टेन लागतो. आंबा स्टेन सारखा पीत नाही, त्यावर ढग उठतात. म्हणून आणखी गडद करावं लागतं आणि शेवटी चॉकलेटी रंगाचा एक पाट उरतो ज्यात कुठलंच लाकूड ओळखू येत नाही. फणस उजेडात पुन्हा तपकिरी होतो हे खरं, पण त्याला वेळ लागतो, आणि कडेचे गोलावलेले कोपरे नि वापराच्या खुणा तर परत येतच नाहीत.

तेव्हा सुरुवात साफसफाईने. कोमट पाण्यात साध्या लिक्विड साबणाचे थेंब टाकून फडकं घट्ट पिळा, पुसा, लगेच कोरड्या कापडाने टिपा. त्यानंतर टर्पेंटाइनने जुनं मेण आणि तेलकट चिकटा काढा. निम्म्या वेळा इथेच कळतं की पॉलिश खराब नव्हतंच, मळ होता. उरलेलं पॉलिश कशाचं आहे ते आडोशाच्या जागी तपासा: कापसाच्या बोळ्यावर स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट दाबून ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं, म्हणजे चपड्याचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने विरघळलं तर लॅकर. दोन्हीने ढिम्म हललं नाही तर मेलामाइन किंवा पीयूसारखं काहीतरी मागाहून मारलंय. दुकानातल्या जुन्या टेबलावर लाखच निघण्याची शक्यता जास्त, आणि ते चांगलं. जुनी लाख स्पिरिटच्या बोळ्याने नरम करून तिथल्या तिथेच पुन्हा बसवता येते, सगळी काढावी लागत नाही.

हिरव्या ऑइलपेंटला कोरडा पॉलिश पेपर अजिबात लावू नका. जुन्या रंगांत शिसं असण्याची दाट शक्यता असते. घरगुती रंगातल्या शिशावर 90 पीपीएमची (दहा लाख भागांत 90 भाग) मर्यादा आपल्याकडे 2016 च्या नियमांनी आली, त्यामुळे त्याआधीच्या रंगाबद्दल गृहीत धरायचं ते वाईटच. धूळ उडवायची नाही. पेंट रिमूव्हर लावून, तो रंग फुगला की बोथट पत्तीने ओला असतानाच खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरायचं आणि खरवड गुंडाळून टाकायची. हे काम बंद फ्लॅटमध्ये करायचं नाही; गच्चीवर किंवा मिस्त्रीच्या गाळ्यात, आणि मुलं आसपास नकोत. काही पॉलिशवाले कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने रंग काढतात. स्वस्त आणि झटपट, पण सागाला आणि ऐनाला ते काळं पाडतं आणि सांध्यातला सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा जुना गोंद, सोडवतं. स्पष्ट नाही सांगा.

पीठ गळण्याबद्दल: ही वाळवी नाही. वाळवी मातीच्या वाटा करते. ही छोट्या भुंग्याची अळी, आंब्यासारख्या पिठूळ लाकडावर आणि इतर लाकडांच्या पांढऱ्या रसकाठावर, म्हणजे सालीलगतच्या थरावर, वाढणारी. सागाच्या पक्क्या गाभ्याला ती सहसा शिवत नाही. भोकं जुनी असू शकतात, म्हणून आधी कीड जिवंत आहे का ते बघा. फळी झटकून साफ करा, खाली काळा कागद अंथरा आणि दोन-तीन आठवडे टेबल हलवू नका. कागदावर मैद्यासारखं ताजं पीठ पडलं तर इलाज हवा. लाकडासाठीचं कीडनाशक मिळतं, ते इंजेक्शनच्या सुईने भोकाभोकात आणि फळीच्या खालून, पॉलिश नसलेल्या बाजूने सोडायचं. हातमोजे घालून, आणि नंतर खोली उघडी ठेवून. वर ताटं येणार आहेत, त्यामुळे वरच्या बाजूला औषध फासू नका. घासलेट ओतण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. त्याने कीड टिकाऊ मरत नाही आणि पुढे पॉलिश धरत नाही. फळी बोटाने दाबल्यावर आत जात असेल तर ती वाचवण्याचा हट्ट सोडा आणि त्या मापाची जुनी आंब्याची किंवा फणसाची फळी शोधा. जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारात मोडीतलं लाकूड मिळतं. नवी फळी मात्र नको. ती मुंबईच्या हवेत सुकत राहील आणि शेजारणींपासून सुटेल.

पाय हलतात ते बहुतेक सरस सुकून गेल्यामुळे. कूस (खाचेत बसणारी लाकडाची जीभ) आणि खाच शाबूत असेल तर हे सगळ्यात सोपं काम. आधी सांध्यातली लाकडी खुंटी मागून ठोकून काढा. मग गरम पाण्यात बुडवलेलं फडकं सांध्याभोवती गुंडाळा. सरस उष्णतेने आणि ओलाव्याने सुटतो. लाकडी हातोड्याने, मध्ये लाकडाचा तुकडा धरून, हळू ठोका. जुना सरस कोमट पाण्याने पूर्ण काढा. हा टप्पा गाळला की पुढचं सगळं वाया, कारण पांढरा फेविकॉल जुन्या सरसावर धरत नाही. नव्याने काय वापरायचं? मी सरसच वापरतो: रात्रभर भिजवून, दुहेरी भांड्यात साठ अंशांच्या आसपास तापवून, उकळू न देता. तुमच्या नातवाला पुन्हा सांधा उघडावा लागला तर तो उघडेल. घर समुद्राकडे तोंड करून असेल आणि भिंतींना ओल येत असेल तर मात्र सरस नरम पडतो. तिथे साफ केलेल्या सांध्याला फेविकॉल लावायला माझी हरकत नाही. शिकंजे आवळल्यावर दोन्ही कर्ण दोरीने मोजा. सारखे आले की चौकट काटकोनात आहे. पायांमध्ये लोखंडी एल-पट्ट्या ठोकायच्या नाहीत, त्याने सांधा दुरुस्त होत नाही, फक्त कमी हलतो.

भेगेवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मुंबईत टेबलं इथेच फुटतात. लाकूड लांबीत जवळपास बदलत नाही, रुंदीत बदलतं. पावसाळ्यात हवेतलं पाणी पिऊन ते फुगतं, एसीच्या खोलीत सुकून आकसतं. अडीच फूट रुंदीचा सागाचा माथा पावसाळी हवेतून एसीत नेला तर साधारण पाच ते आठ मिलिमीटर, म्हणजे दीड-अडीच सूत, कमी होऊ शकतो. फळी ओंडक्याच्या कुठल्या भागातून कापली त्यावर हा आकडा ठरतो, आणि साग तर कमी हलणारं लाकूड मानलं जातं. तुमच्या माथ्यावर फणस आणि आंबा शेजारी-शेजारी आहेत, ते एकाच वेगाने हलत नाहीत. इतकी वर्षं हे चाललं, कारण फळ्या खालच्या चौकटीवर फक्त खिळ्यांनी होत्या. खिळा वाकतो, थोडी जागा देतो. आता कोणी हौसेने खालून लांब स्क्रू आणि गोंद लावून माथा जाम केला तर पहिल्याच उन्हाळ्यात, एसी सुरू झाल्यावर, ‘टक्’ असा आवाज येईल आणि नवी भेग पडेल.

म्हणून माथा चौकटीला लाकडी गुटक्यांनी धरायचा: चौकटीच्या आतल्या अंगाला खाच, खाचेत गुटक्याचं एक तोंड, दुसरं माथ्याला स्क्रूने. माथा मागेपुढे सरकतो पण उचलला जात नाही. खाच पाडायची नसेल तर स्क्रूचं भोक फळीच्या रुंदीच्या दिशेने लांबट करा आणि वॉशर घाला, तेही चालतं.

भेग बुजवायची की नाही? दोन फळ्यांमधली असेल तर ती भेग नाही, सांधा आहे, तशीच सोडा. फळीच्या अंगातली असेल तर तिच्यावर पेन्सिलने दोन खुणा करून अंतर लिहून ठेवा, एकदा जुलैत आणि एकदा मार्चमध्ये. अंतर बदलत असेल तर भेग श्वास घेते आहे. तिच्यात लांबी (पुट्टी) किंवा इपॉक्सी भरली, तीही कोरड्या दिवसांत ती सगळ्यात रुंद असताना, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या लाकडाला जागा उरत नाही आणि ते दुसरीकडे फाटतं. बुजवायचीच असेल तर त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप कापून एकाच बाजूला चिकटवा, दुसरी बाजू मोकळी. इंटरनेटवर दिसतात तशा डमरूच्या आकाराच्या गुट्ट्या तुमच्या भेगेला लागतील असं फोटोवरून वाटत नाही. त्या भेग टोकापर्यंत धावत असेल तेव्हा कामाच्या. नुसत्या शोभेसाठी जुनी फळी कोरणं मला पटत नाही.

खिळ्यांभोवतीचे काळे डाग म्हणजे बुरशी नव्हे. लोखंड, पाणी आणि लाकडातलं टॅनिन (तुरट द्रव्य) यांची ती शाई आहे. ऐनात आणि सागात ती जमते, आंब्यात फारशी नाही. पॉलिश पेपरने घासून जात नाही, कारण ती रेषांत उतरलेली असते. उपाय ऑक्झॅलिक ॲसिडचा: लिटरभर गरम पाण्यात पन्नासेक ग्रॅम, ब्रशने. डागापुरतं लावू नका, नाहीतर काळ्या डागाच्या जागी पांढरा डाग येईल. ती पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत ओली करा. सुकल्यावर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या. ॲसिड विषारी आहे: हातमोजे, चष्मा, आणि सुकलेली पांढरी पूड घासून उडवायची नाही. खिळा तिथेच राहणार असेल तर त्याच्या डोक्यावर लाखेचा थेंब द्या, नाहीतर डाग परत येतो. याच कारणाने या टेबलावर स्टील वूल फिरवू नका. त्याचे कण ऐनाच्या रेषांत अडकतात आणि पहिल्या दमट दिवशी काळे ठिपके उठतात. हिरवा प्लास्टिकचा स्क्रबर पुरतो.

आता पॉलिश. पीयू या टेबलाला का नको, याचं एक कारण तुमच्या मिस्त्रीला बहुधा कोणी सांगितलेलं नसेल: शिसवातले नैसर्गिक तेलकट अंश तेलाच्या आणि पीयूच्या थराला वाळू देत नाहीत. तोच डबा, तोच ब्रश, आंब्यावर रात्रीत कडक आणि शिसवाच्या ड्रॉवरवर चार दिवसांनीही बोट चिकटतं. सागातही हे थोड्या प्रमाणात होतं. लाखेला अशी अडचण नाही, ती या पाचही लाकडांवर बसते. चरा पडला तर तेवढ्याच जागी दुरुस्त होते. पीयू उखडलं तर सगळा माथा खरवडावा लागतो.

एक लिटर स्पिरिटला सव्वाशे ते दीडशे ग्रॅम चपडा घ्या, काचेच्या बरणीत, झाकण लावून, मधूनमधून हलवत. पूर्ण विरघळल्यावर बरणी दोन-तीन दिवस अजिबात हलवू नका. तळाला ढगाळ थर बसतो, ते लाखेतलं मेण. वरचं निवळ, चहाच्या रंगाचं द्रव हळूच दुसऱ्या बाटलीत ओता. हे निवळ द्रव पहिल्या हातांसाठी. पुढे कधी माथ्यावर वॉर्निश द्यावंसं वाटलं तर ते या थरावर धरेल, मेणाच्या लाखेवर धरणार नाही. तयार पॉलिश सहा महिन्यांपेक्षा जुनं झालं तर वापरू नका, ते नीट वाळत नाही.

जुन्या सुती बनियनच्या तुकड्यात कापूस बांधून बोळा करा, पातळ हात द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. आंब्याची फळी फारच फिकट दिसत असेल तर तिला, आणि फक्त तिलाच, दुसऱ्या-तिसऱ्या हाताला लाखेत चिमूटभर पिवडी आणि गेरू घालून रंगाचा थर द्या. लाकडाला रंग पाजायचा नाही, लाखेच्या दोन थरांमध्ये ठेवायचा. आवडला नाही तर स्पिरिटने पुसून टाकता येतो. फणसाच्या रंगाला तंतोतंत जुळवायला जाऊ नका, जवळ आला की थांबा. हे चालू असताना गॅस बंद, देवापुढचा दिवा बंद, खिडक्या उघड्या. आणि खालच्या बाजूला कुठे जवसाचं तेल वापरलंत तर त्या चिंध्या गोळा करून कचऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेटतात. दोरीवर सुट्ट्या पसरून वाळू द्या.

जेवणासाठी वापरणार म्हणून एक तडजोड सांगतो. लाखेला उष्णता आणि दारू चालत नाही. गरम पातेलं थेट ठेवलं की पांढरं कडं उमटतं. रोज चार माणसं जेवणार असतील तर पाय, पट्ट्या, ड्रॉवर यांना लाख आणि मेण, आणि फक्त माथ्याला निवळ लाखेवर दोन-तीन हात मॅट वॉर्निशचे. आठवड्यातून एकदा पाहुणे आले की वापरणार असाल तर सगळीकडे लाख ठेवा आणि पातेल्याखाली जाड आडणी.

हे पॉलिश पावसाळ्यात करू नका. हवेतलं बाष्प ओल्या लाखेत शिरतं आणि ती दुधी पडते. मुंबईत नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले, आणि त्याआधी टेबल नव्या घरात महिनाभर तसंच उभं राहू द्या. एसीच्या झोताखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीत ठेवू नका. ड्रॉवर अडकत असेल तर कडांना मेणबत्ती घासा, रंधा मारू नका. पावसाळ्यात अडकणारा ड्रॉवर जानेवारीत मोकळा होतो.

पायांचे तळवे बहुतेक लोक विसरतात. रोज फरशी पुसली की फिनाइलचं पाणी उभ्या रेषांतून वर चढतं, आणि तुमच्या फोटोत चारही पायांची खालची बोटभर जागा काळी दिसते ती त्यानेच. टेबल उलटं आहे तोवर तळव्यांना लाखेचे चार-पाच हात पाजा, पिणं थांबेपर्यंत, आणि खाली रबराची बटणं लावा. राहिला प्रश्न वर काच टाकण्याचा, जो तुम्ही विचारलेला नाही पण घरातलं कोणीतरी विचारेल. काच थेट टाकली तर खाली ओलावा अडकतो, उन्हाळ्यात लाख काचेला चिकटते आणि उचलताना पापुद्रे निघतात. टाकायचीच असेल तर पॉलिशनंतर महिनाभर थांबून, चार कोपऱ्यांना आणि मध्ये पारदर्शक सिलिकॉनची बटणं ठेवून, खालून हवा खेळेल अशी.